वेगाचा वाटा

आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार येत नाही. येऊच शकत नाही. त्या दिवशी तर सायकलही येत नव्हती, कारण गल्लीच्या तोंडाशी एक सांड आडवा बसला होता. अलीकडे दूधवाला, पलीकडे दोन स्कूटी आणि फुलांची टोपली घेतलेली एक बाई, सगळी निमूट थांबली होती. बनारसमध्ये सांडाला कोणी हॉर्न देत नाही. पुण्याहून आलेला भाचा चौतऱ्यावर बसून मोबाइल बघत होता. तिथेच माझी आणि त्याची गाठ पडली. त्याची म्हणजे शेअरची.

"मामा, हे बघ."

तीसेक पानांची फाइल. पहिल्या पानावर रात्रीचा रस्ता, वर झगझगीत दिवे, खाली ठिणग्या उडवत वळणारी एक लाल गाडी. कंपनी छोटी, नुकती कुठे पाय रोवणारी. मोटारींच्या शर्यतींची मालिका भरवते. शेअर अजून बाजारात नोंदलेला नाही, 'ओळखीतून' मिळतोय, आयपीओ आला की तिप्पट वगैरे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि मला जे सांगायचंय ते तिच्या एकटीचं नाही. मी बँकेत होतो. कर्ज मागणाऱ्यांचे कागद वाचण्यात हयात गेली, त्यामुळे चेहरा नवा असला तरी कूळ ओळखता येतं.

दिसायला हा शेअर देखणा. दुकान चालवणाऱ्या, सिमेंट भाजणाऱ्या, औषधाच्या गोळ्या पाडणाऱ्या कंपन्यांचे शेअर याच्याशेजारी बसले तर पोटार्थी कारकून वाटतील. हा कायम सणासुदीच्या कपड्यांत. बोलतो मोठ्याने, पण आवाज त्याचा नसतो, इंजिनाचा असतो. प्रत्येक लग्नात असा एक गृहस्थ असतो बघा. मांडव त्याचा नाही, मुलगी त्याची नाही, बँडवाल्याची बिदागी तो देणार नाही, पण फोटो काढायची वेळ आली की सगळ्यांच्या पुढे तोच.

"गाडी कोणाची रे?" मी विचारलं.

"टीमची."

"टीम?"

"ज्याने फ्रँचायझी घेतली त्याची. एखादा नट, एखादा बिल्डर."

"आणि ट्रॅक?"

"तो दुसऱ्या कंपनीचा, मामा. भाड्याने घेतात. रस्त्यावर शर्यत असेल तर महापालिकेचा."

नियम फेडरेशनचे. ड्रायव्हर करारावरचे. टायर टायरवाल्याचे. "मग तुझ्या कंपनीचं काय?" भाचा थोडा वेळ गप्प बसला. पानं मागेपुढे केली. मग म्हणाला, "कॅलेंडर."

उत्तर बरोबर होतं. हा शेअर म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने केलेली पाच-सहा वर्तुळं. त्या तारखांना सगळे एका जागी येतील, अशा अर्थाची काही करारपत्रं. त्यापलीकडे त्याच्या गाठोड्यात फारसं काही नसतं. टीमांकडून फी, एखाद्या मोठ्या ब्रँडकडून नावाचे पैसे, यजमान शहराने दिलं तर अनुदान, मग तिकिटं आणि टीव्ही, अशी त्याची मिळकत. खर्च मात्र सगळा आधीचा. सिमेंटचे कठडे, जाळ्या, मार्शल, डॉक्टर, रुग्णवाहिका, मालवाहतूक, विमा. शर्यत झाली नाही तरी यातला बराचसा झालेलाच असतो. चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या रस्त्यांवर २०२३ च्या डिसेंबरात रात्रीची शर्यत ठरली होती. मिचाँग वादळ आलं आणि ती झाली २०२४ च्या ऑगस्टअखेरीला. आठ-नऊ महिने उशीर मोठ्या घराला परवडतो. छोट्या कंपनीचं तेवढ्यात तेरावं उरकलेलं असतं.

या शेअरच्या घराण्यात थोरला एकच, फॉर्म्युला वनचा. त्या थोरल्याकडे बघूनच बाकीचे सगळे शर्ट शिवून घेतात. पण थोरल्याची गोष्ट वेगळी आहे. जागतिक मोटार महासंघाने त्या शर्यतींचे व्यापारी हक्क २०११ पासून तब्बल १०० वर्षांसाठी पट्ट्याने देऊन टाकले. शंभर वर्षं! आमच्या काशीत पागडीचं घरसुद्धा इतकी वर्षं बिनतंट्याचं राहत नाही. ज्याच्याकडे तो पट्टा त्याला गाड्या बनवायच्या नाहीत, ट्रॅक बांधायचा नाही. शर्यत आमच्या गावी आण, असं म्हणणाऱ्याकडून उलट मोठी फी घ्यायची. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने हा कारभार कर्जासकट सुमारे ८ अब्ज डॉलर किमतीला घेतला, तो या पट्ट्यासाठी.

शर्यत गावी आणणाऱ्याचं काय होतं, हे बघायला लंडनला जायला नको. आमच्याच उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडाला, ते घडलं. जेपी समूहाच्या जेपी स्पोर्ट्स इंटरनॅशनल या कंपनीने बुद्ध इंटरनॅशनल सर्किट बांधलं. पाच किलोमीटरहून थोडा लांब ट्रॅक, १६ वळणं, आराखडा जर्मनीच्या हर्मान टिल्के यांचा. ३० ऑक्टोबर २०११ ला पहिली शर्यत झाली, सेबास्टियन फेटेल जिंकला. पुढची दोन वर्षंही तोच. २०१३ ला तर त्याने तिथेच चौथं विश्वविजेतेपद पक्कं केलं आणि गाडी गोल गोल फिरवून धुराचे ढग उठवले. पहिल्या वर्षीच्या सरावात एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला होता आणि लाल बावटा दाखवून सगळ्या गाड्या थांबवाव्या लागल्या होत्या. मला त्या तीन वर्षांतला तो कुत्रा सगळ्यांत ओळखीचा वाटतो. त्याने सांडाचीच रीत पाळली.

पण खरी मजा ट्रॅकवर नाही, करारपत्रांत आहे. हे करार जगापुढे आले ते आयकराच्या भांडणामुळे. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ एप्रिल २०१७ ला निकाल लागला. कर्जाचे कागद वाचायची सवय असलेल्या माणसाला तो निकाल एखाद्या वगासारखा वाचता येतो. १३ सप्टेंबर २०११ ला जेपीने फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क असलेल्या लंडनच्या कंपनीशी करार केला, शर्यत भरवायचा हक्क घेतला, त्याचे ४ कोटी डॉलर कबूल केले. फॉर्म्युला वनचं बोधचिन्ह वापरायला वेगळा करार. त्याची किंमत एक डॉलर. म्हणजे आहेर चार कोटींचा आणि वर सव्वा रुपया दक्षिणा. मग टीव्हीचे हक्क, शर्यतीला नाव देण्याचे हक्क, श्रीमंत पाहुण्यांच्या कक्षाचे हक्क, जे जे काही पैसा देऊ शकलं असतं ते ते जेपीकडून पुन्हा लंडनच्याच भावंड कंपन्यांकडे गेलं. त्यातही एक गंमत. शर्यतीच्या नावासाठी एअरटेलशी झालेल्या करारावर तारीख होती १६ ऑगस्ट २०११. म्हणजे नाव विकण्याचा हक्क जेपीकडून मिळवला असं ज्या भावंड कंपनीने म्हणायचं, तिने जेपीचा मुख्य करार व्हायच्या जवळजवळ महिनाभर आधीच ते नाव विकून टाकलं होतं! कोर्टाने हे सगळं नीट टिपलं आणि निष्कर्ष काढला की शर्यतीच्या त्या दिवसांत सर्किटवर ताबा लंडनचाच होता. म्हणून करकायद्याच्या भाषेत ते सर्किट भारतात त्यांचं कायमचं ठाणं मानलं गेलं, आणि कर भरा, असं सांगण्यात आलं.

बांधलं एकाने, ताबा दुसऱ्याचा. यजमानाच्या हाती मुख्यतः तिकिटं उरली. पहिल्या वर्षी ती २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. त्यातही राज्य सरकारने दिलेल्या करमणूक कराच्या माफीला आव्हान मिळालं, आणि शर्यतीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने तिकिटांच्या उत्पन्नातला २५ टक्के भाग बाजूला ठेवायला लावला. केंद्राच्या क्रीडा खात्याने तर २००९ मध्येच कळवून टाकलं होतं की हा निव्वळ खेळ नव्हे, ही करमणूक आहे आणि हा धंदा आहे. तेव्हा मोटारशौकिनांनी फार आरडाओरडा केला होता. मी बँकेतल्या टेबलावरून मनातल्या मनात त्या खात्याच्या बाजूने होतो.

मग जेपीने हे केलं का? कारण शर्यत हा मुख्य धंदा नव्हताच. आसपासची १,००० हेक्टर जमीन यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने विशेष विकास क्षेत्र म्हणून दिली होती. सर्किट म्हणजे त्या जमिनीच्या कपाळावरचं कुंकू. फेटेलच्या गाडीचा आवाज ऐकून लोकांनी फ्लॅट घ्यावेत, असा तो हिशेब. ज्याला शर्यतीचा वाटा हवा होता त्याला तो सुटा मिळालाच नाही. मिळाला तो जेपी समूहाच्याच जयप्रकाश असोसिएट्सच्या शेअरमध्ये, सिमेंट, वीज, बांधकाम आणि कर्ज यांच्या मिसळीत शेवेसारखा भुरभुरलेला. पाच वर्षांचा करार तीन शर्यतींत आटोपला. थकबाकीपोटी प्राधिकरणाने २०२० मध्ये जमिनीचं वाटप रद्द केलं, २०२५ च्या मार्चमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दरम्यान ३ जून २०२४ ला खुद्द जयप्रकाश असोसिएट्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या प्रयागराजच्या पीठासमोर, म्हणजे इथून सव्वाशे किलोमीटरवर. मधल्या काळात त्या ट्रॅकवर २०२३ च्या सप्टेंबरात मोटरसायकलींची मोटोजीपी झाली. ती भरवणारी कंपनी वेगळी. तीही शर्यत एकदाच झाली.

भाच्याचं म्हणणं, "मामा, ती बिल्डरची गोष्ट. ही कंपनी फक्त शर्यती भरवते, दुसरं काही नाही."

फक्त शर्यती भरवणारा शुद्ध बीजाचा शेअरही होऊन गेलाय. अमेरिकेत. कंपनीचं नाव चॅम्पियनशिप ऑटो रेसिंग टीम्स, तोंडी नाव कार्ट. १९९८ च्या मार्चमध्ये तो न्यूयॉर्कच्या बाजारात १६ डॉलरला उतरला. बाजारातलं त्याचं लघुनाव एमपीएच, ताशी मैल. एवढं देखणं बारशाचं नाव फार कमी शेअरांना लाभतं. वर्ष-दीड वर्षात त्याने तिशी ओलांडली. जवळ दहा कोटी डॉलरच्या वर रोकड, कर्ज नाही. आमच्या बँकेत असा अर्जदार आला असता तर मॅनेजरने उठून खुर्ची दिली असती.

पण घरात भावकी होती. इंडियानापोलिसच्या जुन्या ट्रॅकचे प्रमुख टोनी जॉर्ज यांनी १९९६ पासून आपली वेगळी मालिका काढली होती, आणि तिकडची सगळ्यांत मोठी शर्यत, इंडी ५००, त्यांच्या अंगणात होत होती. म्हणजे कुळाचा गणपती चुलत घराकडे गेलेला. कार्टच्या संचालक मंडळावर टीमचे मालक. टीमला हवं ते आणि कंपनीला हवं ते एकच असतं अशी समजूत. २००१ च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या ट्रॅकवर सरावात गाड्या इतक्या वेगाने वळू लागल्या की बहुतेक ड्रायव्हरना उतरल्यावर चक्कर येऊ लागली. शर्यतीच्या दिवशी, सुरू व्हायला काही तास उरले असताना, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रद्द झाली. मग ट्रॅकवाल्यांनी दावा ठोकला. ज्या कंपनीचं बाजारातलं नावच ताशी मैल, तिची शर्यत वेग फार झाला म्हणून रद्द व्हावी, हे कथेत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

त्याच वर्षाच्या शेवटी कार्टमधली पेन्स्के यांची टीम चुलत घराकडे गेली. होंडा आणि टोयोटाची इंजिनंही पुढे तिकडेच. नावाचा प्रायोजक फेडएक्स २००२ नंतर गेला. मग जी रोकड होती ती उलट्या दिशेने वाहू लागली. टीम टिकाव्यात म्हणून टीमना पैसे, टीव्हीवर दिसावं म्हणून टीव्हीला पैसे. लग्नात वऱ्हाडी येत नाहीत म्हणून वधूपित्याने प्रत्येकाला येण्याजाण्याचं भाडं धाडावं तसं. २००३ मध्ये तीन टीममालकांनी मिळून शेअरला ५६ सेंट देऊ केले. १६ डॉलरच्या शेअरला. तेही बारगळलं आणि डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००४ च्या जानेवारीत लिलाव झाला तेव्हा टोनी जॉर्ज यांची बोली मोठी होती, टीममालकांची त्यापेक्षा खूप लहान. न्यायाधीशांनी लहान बोली मान्य केली, कारण ते लोक ठरलेल्या शर्यती भरवणार होते आणि मोठी बोलीवाला भरवणार नव्हता. म्हणजे शेवटीसुद्धा किंमत झाली ती कॅलेंडरचीच. त्या कॅलेंडरनेही पुढे चारच वर्षं काढली. २००८ ला दोन्ही चुली एक झाल्या, अर्थात चुलत घरात.

बाकीच्या भावंडांबद्दल थोडक्यात. विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई २०१४ ला सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात तिचे पैसे संपत आले. मोठे गुंतवणूकदार वेळेवर धावून आले म्हणून जगली. ती २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला हुसेनसागराकाठी आली, पुढच्या वर्षीचीही तारीख ठरली. तेलंगणात सरकार बदललं आणि जानेवारीत ती शर्यत रद्द झाली. छापील वर्तुळ खोडायला निवडणूकही पुरते, एवढं त्यातून घ्यायचं. आपल्याकडची इंडियन रेसिंग लीग २०२२ पासून आहे, टीमांना शहरांची नावं, एक टीम गोव्याच्या नावाची. ड्रायव्हर पोरं मनापासून चालवतात. माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. गोव्याच्या टीमला गोव्यात स्वतःचा कायमचा ट्रॅक नाही, हे मात्र भाच्याला दाखवलं.

संध्याकाळी त्याला घेऊन ब्रह्माघाटाकडे निघालो. सांड उठून गेला होता, गल्ली वाहती झाली होती. वाटेत त्याला गहरेबाजीबद्दल सांगितलं. प्रयागला श्रावणात एक्क्यांच्या शर्यती लागतात. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या चालीतच पळायचं, चाल मोडली की बाद. रस्त्याच्या कडेला माणसांची भिंत, मागे मोटरसायकलवाल्यांची झुंड. घोडा पोसणारे बहुतेक तीर्थपुरोहितांच्या घरचे. घोड्याला बदाम, तूप, मालिश, स्वतंत्र माणूस. बक्षीस काय, तर नाव. यांच्यातल्या कोणालाही विचारा, पैसे परत कधी येतात. तो तुमच्याकडे असा बघेल, जणू तुम्ही त्याला आईच्या दुधाचा भाव विचारला. हा शौक आहे, असं तो म्हणेल. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीतल्या बैलाच्या मालकाचंही तेच. त्याच्या घरची पेंड किती रुपयांची होते ते त्याची बायको जाणते, तो नाही.

बनारसला शौक हा शब्द फार नेमका कळतो. इथे लोकांनी कबुतरांवर, पहिलवानीवर, गाण्याच्या बैठकांवर, नावेतल्या मैफलींवर घरं उधळली. पण उधळताना ते कर्जाच्या अर्जात 'गुंतवणूक' असं लिहीत नव्हते. त्या देखण्या शेअरबद्दल माझी तक्रार असली तर ही एवढीच. तो शौकाच्या घरचा आहे आणि गुंतवणुकीचं आडनाव लावून फिरतो. शौक म्हणून आला असता तर मी त्याला पाट मांडून वाढलं असतं.

"म्हणजे घेऊ नको?" भाचा पायरीवर बसत म्हणाला.

"तीन कागद माग त्यांच्याकडे," मी म्हणालो. "शर्यतीच्या जागेचा करार, त्यावर सही कोणाची आणि किती वर्षांची. नावाच्या प्रायोजकाचा पैसा कोणाच्या खात्यात पडतो. आणि एक शर्यत रद्द झाली तर बँकेत किती महिन्यांचा पगार आहे."

त्याने तिथूनच मेसेज टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, सोबत आणखी एक व्हिडिओ. गाडी या वेळी निळी होती. कागद नव्हते.

पुण्याला परतल्यावर त्याने दहा हजारांचे घेतलेच. फोनवर सांगताना जरा ओशाळला होता. मी म्हटलं, ठीक आहे, पण वहीत कुठे लिहिलेस? तो हिशेबाचा पक्का आहे, आमच्या ताईवर गेलाय. दर महिन्याचा एसआयपी 'बचत' खाली, विम्याचा हप्ता 'विमा' खाली. हे दहा हजार त्याने सिनेमाच्या तिकिटांच्या ओळीत, 'करमणूक' खाली लिहिले आहेत.